गाडीची ओढ कमी झाली? इंजिन उघडण्याआधी फ्लायव्हीलपासून टायरपर्यंत शक्तीचा माग असा काढावा

सुरतेहून धुळ्याकडे येताना कोंडाईबारीचा जो चढ गाडी गेल्या वर्षी चौथ्या गिअरमध्ये सहज चढत होती, त्याच चढावर यंदा तिसरा टाकावा लागला, की बहुतेक मालकांचा पहिला संशय इंजिनावर जातो. माझाही तोच गेला होता. मागील चाकांवर चालणारी, माणसांसह सुमारे १,७०० किलो भरणारी माझी डिझेल गाडी ओढेनाशी झाली तेव्हा मी एअर फिल्टर बदलला, डिझेलचा फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून साफ करून घेतले आणि एवढा खर्च करूनही गाडी होती तशीच राहिली. दोष इंजिनात नव्हताच. इंजिन आपली शक्ती पूर्वीइतकीच देत होते, पण ती रस्त्यापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत एका ठिकाणी खर्च होत होती. ते ठिकाण शोधायला महागडे यंत्र लागत नाही. क्रम, थोडे गणित आणि सकाळचे दोन तास लागतात.

शोधाचा आधार एकच आहे. शक्ती नाहीशी होत नाही, आणि इंजिनापासून टायरपर्यंतच्या वाटेत ती कमी झाली तर जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने त्या त्या भागातच सापडते. समजा इंजिन ५५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ७५ अश्वशक्ती देत आहे आणि वाटेत त्यातील १२ टक्के खर्च होतात, तर ६.६ किलोवॉट उष्णता गिअर बॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांत शक्ती वाटणारा गिअरसंच), बेअरिंगे आणि सील यांच्यात निर्माण होत असते; घरातले २ किलोवॉटचे तीन गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता होईल, त्याहूनही ती थोडी अधिक आहे. म्हणून जो भाग आपल्या जोडीच्या भागापेक्षा अकारण अधिक तापतो, तो शक्ती खात आहे असे समजून पुढे जावे.

निरोगी गाडीतही काही शक्ती जातेच, आणि ती किती जाते हे आधी ठाऊक असले म्हणजे नसलेला दोष शोधण्यात दिवस जात नाही. तिरप्या दात्यांच्या गिअरची एक जोडी एकमेकींत फिरताना साधारण १ ते २ टक्के शक्ती घेते. इंजिन आडवे बसवलेल्या, पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीत शक्तीला गिअर बॉक्समध्ये एक आणि शेवटच्या टप्प्यात एक अशा दोनच जोड्या ओलांडाव्या लागतात आणि कोठेही काटकोनात वळावे लागत नाही. मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र क्राऊन-पिनियनपाशी, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि लहान गिअरच्या जोडीपाशी, शक्ती काटकोनात वळते. तेथील वक्र, हायपॉइड म्हटले जाणारे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते लांबवर घासतही जातात, त्यामुळे त्या एका वळणावर साधारण ४ ते ८ टक्के खर्च होतात. त्याची थोडी भरपाई अशी, की अशा गाडीच्या गिअर बॉक्समध्ये एक गिअर, बहुधा चौथा, १:१ असा थेट असतो आणि त्यात शक्ती दात्यांच्या जोडीवर भार न टाकता सरळ पुढे जाते. एकूण हिशेब धरला तर पुढील चाकांच्या गाडीत १० ते १५ टक्के, मागील चाकांच्या गाडीत त्याहून थोडी अधिक आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत आणखी अधिक घट मानली जाते.

येथे एका प्रचलित समजुतीबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ‘चाकांवर मोजलेल्या आकड्यात १५ टक्के मिळवले की इंजिनाची शक्ती निघते’ असे सर्रास सांगितले जाते, पण घट ही ठरावीक टक्केवारी नसते. तिचा एक भाग तेल घुसळण्यात, सीलच्या घर्षणात आणि बेअरिंगांच्या ताणात जातो. तो भारावर नव्हे, तर मुख्यतः वेगावर आणि तेलाच्या दाटपणावर अवलंबून असतो. दुसरा भाग दात्यांवर पडणाऱ्या भाराबरोबर वाढतो. त्यामुळे गाडी हलक्या पायाने चालवताना टक्केवारी मोठी दिसते आणि पूर्ण भाराला लहान दिसते. माहितीपत्रकातला आकडा फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनातून शक्ती बाहेर पडते त्या जड चाकाचा, आणि चाके रोलरवर फिरवून मोजलेला आकडा चाकांचा असतो. या दोहोंतले अंतर पाहून लगेच गाडीत दोष आहे असे ठरवू नये.

तपासणीला हात घालण्यापूर्वी ऋतूचा हिशेबही करावा, कारण खानदेशात तो फसवतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला, की हवा २५ अंशांच्या दिवसाच्या तुलनेत सुमारे ६ टक्के विरळ झालेली असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढी कमी हवा मिळते. वर एसी चालू असतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर क्लचच्या अलीकडेच इंजिनाकडून आपला वाटा घेऊन मोकळा होतो. तोरणमाळावर, सुमारे १,१५० मीटर उंचीवर, हवा तापीकाठच्या मानाने साधारण १० टक्के विरळ असते, म्हणून तेथे जाणवलेल्या मंदपणावरून गाडीची परीक्षा करू नये. उलट धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा ६-७ अंशांवर असतो तेव्हा गिअर बॉक्सचे तेल इतके दाट झालेले असते, की पहिले काही किलोमीटर गाडी जड वाटणे साहजिकच आहे. प्रत्येक चाचणीपूर्वी १५-२० किलोमीटर गाडी चालवावी, एसी बंद ठेवावा आणि तुलना त्याच ऋतूतल्या नोंदीशीच करावी.

पहिली तपासणी क्लचची, कारण ती गाडी न उचलता होते. पूर्ण बसलेला क्लच शक्ती खात नाही. तो घसरला तरच खातो, आणि मग सर्वांत अधिक खातो. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेग हलक्या पायाने धरावा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा किती दाखवतो हे शेजारी बसलेल्या माणसाला लिहून घ्यायला सांगावे. नंतर लळिंगसारख्या चढावर तोच गिअर आणि तोच वेग असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. क्लच धरून असेल तर फेऱ्यांचा आकडा तोच राहिला पाहिजे, कारण तेव्हा इंजिन आणि चाक दात्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. एकूण गिअर प्रमाण ४:१ आणि टायरचा एका फेरीचा पल्ला १.८ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ५५५ आणि इंजिन २,२२० फेरे घेते. चढावर काटा २,६०० दाखवू लागला, तर ३८० फेरे क्लच प्लेटमध्ये घसरून वाया जात आहेत. क्लचच्या दोन्ही बाजूंचा टॉर्क सारखाच असल्याने फेऱ्यांत जेवढी तूट तेवढीच शक्तीत तूट असते, म्हणजे येथे जवळजवळ १५ टक्के शक्ती प्लेट जाळण्यात जात आहे. ज्या जुन्या गाडीला फेऱ्यांचा काटा नाही, तेथे इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही आणि पाठोपाठ जळका वास येतो, एवढ्यावरून ओळखता येते. घसरण आढळल्यास लगेच प्लेट बदलू नये. आधी पेडलची मोकळी चाल पुस्तिकेनुसार आहे का ते पाहावे, कारण ती शिल्लक नसेल तर प्रेशर प्लेट कायम अर्धवट दाबलेली राहते आणि नवी प्लेटही तशीच जळून जाते. चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवयही हेच नुकसान करते.

स्वयंचलित गाड्यांना ही चाचणी जशीच्या तशी लागू पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत द्रवामार्फत शक्ती जात असल्याने थोडी घसरण हा तिचा स्वभावच आहे, आणि वेग स्थिर झाल्यावर आतला लॉक-अप क्लच ती थांबवतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगातही फेऱ्या वरखाली होत राहिल्या, तर लॉक-अप धरत नाही असा संशय घ्यावा. एएमटी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत मात्र साधाच क्लच आणि साधाच गिअर बॉक्स असतो, फक्त पेडल आणि दांड्याचे काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. तिला वरची चाचणी मॅन्युअल मोडवर घेता येते.

त्यानंतर तेल पाहावे. गाडी अगदी सपाट जागेवर उभी करावी. बहुतेक गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल हाउसिंगला बाजूने भरण्याचा बोल्ट असतो आणि तेल त्या भोकाच्या खालच्या काठाला लागलेले असावे लागते. अंगणाचा उतार थोडा जरी असला, तरी भोक एका बाजूला वर जाते आणि तेल अधिक किंवा कमी भरले जाते. तेल कमी पडले तर दाते कोरडे घासतात हे सर्वांना कळते, पण अधिक भरलेले तेलही तितकेच घातक आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. दाते त्यात बुडून फिरू लागले की शक्ती तेल घुसळण्यात जाते, तेलाला फेस येतो, तापमान वाढते आणि शेवटी सील गळू लागते. जपणूक म्हणून पाव लिटर अधिक घालण्याची पद्धत त्यामुळे सोडून द्यावी. तेल पुस्तिकेत दिलेल्याच दाटपणाचे असावे. ७५डब्ल्यू-८० सांगितलेल्या गिअर बॉक्समध्ये ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून ८०डब्ल्यू-९० घातले, तर हिवाळ्यात गिअर अडकत पडतात आणि घुसळणीचा खर्च बारा महिने चालू राहतो. हायपॉइड दात्यांना जीएल-५ प्रतीचे तेल लागते, कारण घासणाऱ्या दात्यांमधली तेलाची पातळ फिल्म मोठ्या दाबाखाली टिकवणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्ये त्यात अधिक असतात. तीच द्रव्ये गिअर बॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) बाधू शकतात, म्हणून जेथे जीएल-४ लिहिले आहे तेथे जीएल-४ च घालावे. तेल काढताना खालच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लगदा दिसला तर काळजी नसावी. चमकणारे कण किंवा पापुद्रे दिसले, तर मात्र दात्यांचा किंवा बेअरिंगचा कठीण थर निघत आहे, असे समजून हाउसिंग उघडावे.

प्रोपेलर शाफ्टमध्ये, म्हणजे गिअर बॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्यात, शक्ती फारशी जात नाही. क्रॉस (टोकाचा वळणारा सांधा) सुस्थितीत असेल आणि कोन लहान असेल तर एका क्रॉसपाशी १ टक्क्याहूनही कमी घट होते. तथापि शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही टोकांना खूण करून ठेवावी, कारण दोन क्रॉसचे काटे एका रेषेत बसले नाहीत तर पिनियन प्रत्येक फेरीत दोनदा हळू आणि दोनदा जलद फिरतो, आणि त्या हिसक्यांनी त्याचे बेअरिंग खराब होते. पुढील चाकांच्या गाडीत त्याऐवजी सीव्ही जॉइंटचे (चाक वळतानाही शक्ती पोहोचवणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट पाहावेत. बूट फाटून ग्रीस बाहेर पडले असेल आणि आत चिखल गेला असेल, तर जॉइंट फार काळ टिकणार नाही.

आता ज्या जागी माझ्या गाडीचा दोष सापडला, त्या चाकांकडे येतो. माझ्या अनुभवात, ओढ नसल्याच्या तक्रारी घेऊन फिरणाऱ्या गाड्यांत क्लचच्या खालोखाल दोष येथेच असतो, आणि मिस्त्री येथे सर्वांत शेवटी पाहतात. त्या दिवशी मी पहाटे गाडी काढली, ब्रेक शक्य तितका कमी वापरत २० किलोमीटर गेलो, शेवटी ब्रेक न लावता गाडी आपोआप मंदावू दिली आणि उभी केली. पाण्यात बोट बुडवून मागच्या उजव्या चाकाच्या ब्रेक ड्रमवर एक थेंब सोडला. तो पसरला आणि सावकाश वाळला. डाव्या ड्रमवर सोडलेला थेंब चर्र आवाज करून दिसेनासा झाला. तेवढ्या एका थेंबाने आधीचा सगळा खर्च चुकीच्या ठिकाणी झाला होता हे दाखवून दिले. ड्रम उघडल्यावर कारण समोर आले. पावसाळ्यात शेतरस्त्याने जाताना काळ्या मातीचा चिखल हँडब्रेकच्या तारेच्या आवरणात शिरला होता, आत तार गंजली होती, आणि दांडा खाली केला तरी ती मागे सरकत नसल्याने लायनर ड्रमला टेकून राहत होते. लायनरची कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

थेंबाऐवजी इन्फ्रारेड तापमापक वापरल्यास आकडा मिळतो, मात्र तो वापरताना एक काळजी घ्यावी. चकचकीत धातूवर हे उपकरण खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, म्हणून घासून चमकणाऱ्या डिस्कवर न रोखता हबच्या गंजलेल्या किंवा रंग दिलेल्या भागावर, चारही चाकांना एकाच जागी आणि सारख्याच अंतरावरून रोखावे. नुसता आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, कारण मे महिन्यात उन्हाकडची बाजूच तापलेली असते. पहाटे मोजावे आणि एकाच अॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांची तुलना करावी. पुढच्या चाकांचे तापमान मागच्यांपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे, पण एकाच अॅक्सलवर १५-२० अंशांचा फरक दिसला तर ते चाक मी उचलून पाहतो. उचलण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावावेत, कारण मागची चाके तपासताना हँडब्रेक सोडलेला असतो, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नये. खाली स्टँड लावलाच पाहिजे. चाक हाताने फिरवल्यावर डिस्क ब्रेकचा पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक जोर लावूनच फिरत असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना आणि पिस्टन तपासावेत. चाकाला वर-खाली धरून हलवल्यास खुळखुळ जाणवली किंवा फिरवताना घरघर हाताला लागली, तर दोष हब बेअरिंगचा आहे.

टायरबद्दल थोडक्यात लिहितो. १,२०० किलोच्या गाडीला चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरला केवळ टायर लोळवण्यासाठी सुमारे ३ किलोवॉट लागतात. हवा कमी असेल, तर हा खर्च वाढतो. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजावी. टायरची एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्यावे, कारण ते चाक पुढे लोळता लोळता आडवे घासतही असते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतून मऊ मातीत गाडी जड जाते तो दोष मात्र टायरचा नाही. मऊ मातीत लोळण्याचा विरोध डांबरापेक्षा कित्येक पट असतो. चारचाकी ओढीचा दांडा असलेल्यांनी सातपुड्यातून डांबरी रस्त्यावर परतताच दोन चाकांची ओढ निवडावी आणि दिवा विझल्याची खात्री करावी, नाहीतर वळणावर पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि टायर घासतात.

या सर्वांची एकत्रित परीक्षा घड्याळाने होते. सपाट, सरळ आणि रहदारी नसलेला किमान अर्धा किलोमीटर रस्ता निवडावा. तापीकाठच्या पट्ट्यात असे रस्ते पुष्कळ आहेत. मागेपुढे कोणी नाही हे पाहून वेग ताशी ६० च्या थोडा वर न्यावा, गिअर न्यूट्रलला टाकावा आणि ६० पासून ४० पर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते शेजारच्या माणसाने मोजावे. इंजिन चालूच ठेवावे, कारण ते बंद झाले तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. वारा आणि न दिसणारा उतार यांचा परिणाम निघून जावा म्हणून तीच चाचणी उलट दिशेनेही घ्यावी आणि दोन्हींची सरासरी धरावी. लहान मोटारीला साधारण २५ ते ३० सेकंद लागतात, उंच आणि चौकोनी गाडी हवेमुळे लवकर मंदावते. न्यूट्रलमध्ये क्लचचा दोष आणि दात्यांवरील भाराची घट या चाचणीत दिसत नाही, पण अडकलेला ब्रेक, खराब बेअरिंग आणि कमी हवा नक्की दिसते.

माझ्या गाडीला दुरुस्तीपूर्वी १९ सेकंद लागले होते. गाडीचे वजन किलोमध्ये घेऊन त्याला ५.५६ ने (ताशी २० किलोमीटरची घट, मीटर प्रति सेकंदात) गुणावे आणि सेकंदांनी भागावे, म्हणजे तिला मागे खेचणारे सरासरी बल न्यूटनमध्ये मिळते. १,७०० किलोला ते सुमारे ४९७ न्यूटन आले. हँडब्रेकची तार आणि मागचे लायनर बदलल्यावर, त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तितकीच हवा ठेवून आणि तितक्याच पहाटे मोजले तेव्हा २४ सेकंद लागले, म्हणजे बल सुमारे ३९४ न्यूटनवर आले. अडकलेले ते एक चाक १०३ न्यूटन बलाने गाडी मागे धरत होते आणि ताशी ६० किलोमीटरला १.७ किलोवॉट शक्ती खात होते. तो २४ चा आकडा मी तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवला आहे, आणि पावसाळा संपून चिखल ओसरला की दरवर्षी तीच चाचणी पुन्हा घेतो.